मागं ठेवलेली पिल्लं

—टोचलीय हो शेठ लस, सगळ्या पिल्लांना टोचलीय, फोनवर सांगितलं तसंच आहे. आत मात्र येऊ नका, फाटकातूनच बघा. त्या पलीकडच्या पिल्लांच्या बरगड्या? दिसताहेत, मला काय डोळे नाहीत? वास म्हणाल तर येणारच — सकाळी डॉक्टरबाईंनी त्या टेबलावर एक मेलेलं पिल्लू फाडून तपासलं, अजून धुतलेलं नाही. जन्म गेला माझा डुकरांत, मला कशाची शिसारी येत नाही, पण आज सकाळचा चहा तसाच ओतून दिला. जांघेतल्या गाठी ह्या एवढ्या — अंगठ्याएवढ्या, फिक्या, ओल्या. आणि गळ्यापाशी जी ग्रंथी चांगली भरलेली असायला हवी, तिथं नुसता पापुद्रा. बाई म्हणाल्या, विषाणू दोन आहेत. एकटा असता तर पिल्लू झुंजलं असतं. पण एकानं फुप्फुसातले राखणदार मारले, दुसरा गाठींत जाऊन बसला — रोगाशी लढायचं ते मांसच गेलं. मग लस काय करणार? शिकवायला मास्तर आला आणि वर्गात पोरंच नाहीत.

दोन एकत्र आले कसे? आले कसले, आणले. आमच्या जावईबापूंनी. लेकीनं निवडलेला माणूस, मी काय बोलणार — बोलते म्हणा रोज. नियम साधा आहे, सगळी तुकडी एकदम पुढच्या शेडमध्ये जाते, मागं कुणाला ठेवायचं नाही. जे अंग धरत नाही त्याला तिथंच संपवायचं. हा बाबा काय करतो, रोडकी पिल्लं उचलून हळूच मागून आलेल्या तुकडीच्या तान्ह्यांत सोडतो. ‘थोडं दूध मिळालं तर अंग धरतील हो आई.’ घ्या. म्हणजे प्रत्येक तुकडीला आधीच्या तुकडीचा रोग आयता, वर स्वतःचा. अख्खी शेड नासवली ह्यानं. दया म्हणे — दया कसली, हात उचलत नाही म्हणून पळवाट. आणि सकाळी टेबलापाशी ढसाढसा रडला, नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. मला बघवेना.

आता उरली ही, फाटकाजवळची. ही चांगली आहेत. म्हणजे — आज चांगली दिसताहेत. शेड तीच हो, दुसरी कुठून आणू? रक्ताचा रिपोर्ट यायचाय. तो यायच्या आत न्यावीत म्हणूनच बोलावलं तुम्हाला, आणखी कशाला. झालं, बोलून बसले. ह्या माझ्या जिभेला हाड नाही. अहो, ही गेली नाहीत तर लेकीचं घर बसेल, एवढंच आहे ते.

काय म्हणालात? रिपोर्टचं राहू द्या, भाव पाडून द्या? तुम्हाला कुठं पाळायचीत — परवाच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारणार, म्हणजे त्याच्या शेडमध्ये, त्याच्या तान्ह्यांत. आणि हसून सांगताय मला हे.

माझा जावई बावळट आहे. पण त्या टेबलापाशी त्याला रडू आलं. तुमच्याशेजारी उभं राहायची किळस वाटतेय मला, आणि स्वतःचीही, मीच फोन केला.

गाडी मागं घ्या. एकही पिल्लू मिळणार नाही, फुकट मागितलंत तरी नाही. आणि चाकं धुवून मगच रस्त्याला लागा — पाइप तिकडं आहे.