मागचा गलका

नगरमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रुपाली नंबर लावून बसली होती. शेजारच्या बाकावर झुंबरबाई आणि तिचा लेक बजरंग यांचं बोलणं चाललं होतं.

"नवं मशीन घेतलंस, अन् माजं गानं उघडंना व्हय रं बजरंग?"

"आई, गानं विंडोजच्या सॉफ्टवेअरमधी केल्तं. ह्यो मॅक हाय, ह्याच्यावर ते चालत न्हाई. म्हनून आता आत मॅकच्या पोटात विंडोज बसवत्यात."

"म्हंजी घरजावई आनला."

"तसंच म्हन."

"मग नांदंल का धड?"

"अडखळत का हुईना, नांदंल."

रुपालीला राहवेना. "मावशी, गाणं मोबाईलवर नाही का तुमच्या?"

"हाय की बाई. पर धुतल्यालं हाय."

"ताई, ऊसतोडीला आमच्या पाचटाच्या झोपडीम्होरं, कोपीम्होरं गायली हुती आई. मागं लई गलका हुता. बैलं, घुंगरं, माज्या बापाचं, आबांचं वरडनं. मी सॉफ्टवेअरमधी समदं दाबून गानं साफ केलं. पुढं आबा वारले. त्यांचा आवाज आता तेवढ्या फायलीतच ऱ्हायलाय."

आतून दुकानदाराची हाक आली, "बजरंग, उघडली तुझी फाईल! फिल्टर काढू का?"

"काढा."

आधी घुंगरं वाजली. मग झुंबरबाईची ओवी सुरू झाली, आणि तिच्या मागून एक दमदार आवाज आला, "ए सर्ज्या, गप उभा ऱ्हा की! ती गातीया न्हवं?"

झुंबरबाईनं चटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला.