नंबर परत देण्याआधी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, म्हणजे लिफ्ट कंपनीचे मोठे साहेब. शेजारचे प्रमुख पाहुणे. कोऱ्या गणवेशात अवघडून बसलेले नवे मेकॅनिक. आज निवृत्त होणारे आमचे जावई, ज्यांच्यासाठी हा सगळा थाट. आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

निवेदिकाबाईंनी माझी ओळख 'मातृतुल्य सासूबाई' अशी करून दिली. तसं काही नाही. मी साधी सासू आहे. शाळेत चौथीपर्यंत गेले, तीही अधूनमधून. भाषण कसं करतात ते मला येत नाही, पण बोलणं लांबवायचं कसं ते चांगलं येतं, आणि आज त्याचीच गरज आहे.

का, ते सांगते. माझ्या भाषणानंतर पत्रिकेत 'नंबर सुपूर्द करणे' असं छापलंय. लिफ्टमध्ये बटणांच्या वर पाटी असते बघा, 'लिफ्ट अडकल्यास या नंबरवर फोन करा'. तो नंबर म्हणजे आमचे जावई. माणूस निवृत्त झाला म्हणून शहरभरच्या पाट्या कोण बदलणार? तेव्हा नंबर कंपनीचा, आणि आज तो नव्या मेकॅनिकच्या हाती जायचा. रिवाज चांगला आहे, साहेब. फक्त तो थोडा उशिरा जाऊ दे. म्हणून मी बोलतेय.

जावयांनी जन्मात दुसरा नंबर घेतला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले आणि भरल्या ताटावरून उठून गेले. मी लेकीला म्हटलं, "हा माणूस संसार करणार की वर-खालीच करत राहणार?" ती म्हणाली, "आई, कुणीतरी अडकलंय." मी ताट झाकून ठेवलं.

गेल्या वर्षी मी माझ्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. या वयात हात मिरवून करायचंय काय? नातीच्या पुढच्या शिक्षणाला होतील म्हटलं. जावई म्हणाले, "आई, बँकेत पैसा नुसता झोपतो. मी त्याचं क्रिप्टो घेतो." मी विचारलं, ते ठेवतात कुठे? त्यांनी फोन दाखवला. ज्या मेसेजच्या ॲपवर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार येतात, त्याच ॲपमध्ये एक पाकीट.

"माझं सोनं सुविचारांच्या शेजारी?"

"आई, एकदम सुरक्षित आहे."

मी पैसे दिले. जावयाशी वाद जिंकला तरी सासू हरतेच.

आज सकाळी जावई बूट घालत होते, तेव्हा नातीने सहज विचारलं, "बाबा, ते पाकीट कुठल्या नंबरवर आहे?"

"माझ्या."

"तुमच्या म्हणजे?"

"माझ्या म्हणजे माझ्या. लिफ्टच्या."

"आणि दुसऱ्या कुणी आपल्या फोनवर तुमचं ॲप उघडलं तर?"

"कसं उघडेल? आधी नंबरवर कोड येतो."

"आणि संध्याकाळी नंबर कुणाकडे असेल?"

एक बूट पायात, एक हातातच राहिला. मग म्हणाले, "पण पाकिटाचे बारा गुप्त शब्द असतात. पाकीट उघडायला ते लागतातच."

"ते कुठे ठेवलेत?"

"ॲपमध्येच. मीच मला मेसेज करून ठेवलेत. हरवू नयेत म्हणून."

"ॲपला वेगळा पासवर्ड तरी?"

"तो विसरलो तर अडकेन, म्हणून ठेवला नाही."

जन्मभर अडकलेल्यांना सोडवलं, आणि स्वतःला अडकायची भीती. कपाटाला कुलूप, किल्ली त्याच कपाटाच्या कडीला, आणि कपाट भाड्याचं.

नव्या मेकॅनिकसाहेब, तुम्ही खाली बघू नका. तुमच्यावर संशय नाही. तुम्ही आपलं ॲप लावाल, कोड येईल, आणि समोर माझ्या बांगड्या. तुम्ही हात लावणारही नाही. पण उद्या त्या दिसेनाशा झाल्या, तर दोन चांगल्या घरांत वैर. आणि दाद मागायची कुठे? बँकेत निदान भांडायला खिडकी असते.

म्हणून दुपारी नवं सिम घेतलं. ते चालू होईना. आत्ता कुठे झालंय. माझी नात तिकडे खिडकीशी दोन फोन घेऊन उभी आहे, कारण या सभागृहात रेंज तेवढीच. आधी ॲप नव्या नंबरवर न्यायचं, मग पासवर्ड, मग नवं पाकीट नव्या शब्दांचं, आणि सगळं त्यात हलवायचं. झालं की ती हात वर करेल. झाला का वर? नाही. मग मी जावयांचे गुण सांगते.

साहेब, सारखं मनगटाकडे बघू नका. तुम्ही भेट देणार आहात त्या घड्याळातही तेवढेच वाजलेत.

एकदा एक बाई लिफ्टमध्ये अडकून रडत होती. हे रस्त्यातून फोनवर तिच्याकडून पाढे म्हणवून घेत होते. सतराच्या पाढ्यात यांचंच चुकलं. बाई रडता रडता हसली, तोवर हे पोचले. कामाचे पैसे कंपनी देते, पाढ्यांचे कोण देतं? रागावलेल्या माणसाशी हे कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत. घरी माझ्याशीही नाही, आणि मी संधी भरपूर दिली. हात? अजून नाही. काय करतेय ही पोरगी?

थांबा. फोन वाजतोय. तोच. लिफ्टचा.

माझ्याकडे काय बघतेस ग? घे. बाबांना दे. अर्धवट राहिलं तर राहू दे. बांगड्या गुदमरत नाहीत.

ऐकलंत सगळ्यांनी? "घाबरू नका. दार ओढू नका. मूल आहे का बरोबर? त्याला खाली बसवा, गाणं म्हणायला सांगा. मी निघा..." आणि थांबले. नव्या मेकॅनिककडे बघितलं आणि म्हणाले, "आमचा माणूस निघालाय." फोन त्याच्या हातात दिला, तो पळाला. ना तबक, ना फोटो. साहेब, पत्रिकेतलं ते कलम झालं समजा.

आणि आता हात वर करतेस? केव्हा झालं सगळं?

"आजी, मघाशीच. साहेब घड्याळ बघत होते ना, तेव्हा. त्या फोनमधून ॲपही काढून टाकलं."

मग बोलली का नाहीस?

"तू बाबांचे गुण सांगत होतीस. बाबा ऐकत होते."

बरं. पुरे आता.

कंपनीने माझ्या जावयांना सांभाळलं आणि आज मला इतका वेळ सोसलं, याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला. आणि जावयांची स्तुती जरा जास्त झाली असेल, तर तीही माझ्या चुकांतच धरा. घरी गेल्यावर मी ती दुरुस्त करीन. जावईबापू, खिसा चाचपू नका. तो फोन आता तुमचा नाही. बसा, चहा आलाय, आणि आज तो गरम आहे तोवर प्या.