थंड नळाचा भरवसा

शारजातल्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून मनोरमाबाईंनी मासिक डोळ्यांसमोर धरलं आणि कान शेजारच्या बाकाकडे लावले. तिथे पाठ भाजलेले एक गृहस्थ बाकाला न टेकता ताठ बसले होते आणि इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा मुलगा खाली मान घालून.

“सॉरी पप्पा. पण माझ्या प्रोजेक्टचा कॉम्प्युटरवर ग्राफ परफेक्ट होता. शॉवरचं टेंपरेचर थोडं वर-खाली होतं, मग सेटल.”

“कॉम्प्युटरवर सेटल. माझ्या पाठीवर?”

“शॉवरला लावलेल्या मशीनला सांगितलंय, पाणी जास्त गरम झालं की थंड नळ उघड.”

“त्याने उघडला.”

“हो.”

“पाणी अजून गरम झालं.”

“म्हणून त्याने अजून उघडला.”

“अरे केनेथ, जुलैत गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं! थंड नळाखाली चहा होईल. सगळा जन्म इथे गेला ना तुझा?”

“बट पप्पा, मॉडेलमध्ये कोल्ड इज कोल्ड.”

“कॉलेजच्या सरांनी तपासलं नाही?”

“ए प्लस दिला. ते नवीन आहेत, कॅनडाहून आलेत.”

“असं? मग शुक्रवारी जेवायला बोलाव त्यांना.”

“रिअली?”

“हो. आणि म्हणावं, आंघोळ आमच्याकडेच करा.”