पास्कोलसाहेबांची फळी

चहा घ्या, तोवर पास्कोलसाहेबांचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या उत्तनमध्ये जी बरी घरं उठली, ती सगळी त्यांचीच. ते मुंबईत शिकलेले आर्किटेक्ट, मी त्यांचा सुतार. कच्चा जिना बसला की ते मला एक लांब फळी वरून खाली आणायला लावायचे. फळी मयताच्या पेटीच्या मापाची. वळणावर अडकली की जिना रुंद करायचा.

एक घरमालक चिडला. "साहेब, मी हे घर जगायला बांधतोय."

"जगणारा कसाही बाहेर पडतो," साहेब म्हणाले.

स्वतःचं घर बांधलं तेव्हा मात्र त्यांच्या बाई दारातच उभ्या राहिल्या. "ती फळी माझ्या घरात आणायची न्हाय." मूलबाळ नव्हतं, दोघंच राहणार. साहेबांनी ऐकलं.

पुढे लढाईच्या वर्षांत बाई वरच्या खोलीत तापाने गेल्या. पेटी मीच केली. वर नेताना वळणावर अडकली. तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली, न्हाय गेली. साहेब वरून बघत होते. ते आत गेले आणि बाईंना दोन्ही हातांवर घेऊन एकटेच खाली उतरले.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. जिना तोडायचा होता.

मी म्हटलं, "आता कशाला साहेब? जायच्या त्या गेल्या."

"तिला उचलायला मी होतो," ते म्हणाले. "मला कोण हाय?"