हाक

नितीनच्या आप्पांनी आम्हाला शिखराजवळून कसं खाली आणलं, ऐका राव. आम्ही दोघं ऑनलाइन गेममध्ये डोंगर चढायचो. मी पिंपरीतून, नितीन चाकणजवळच्या त्याच्या गावातून. त्यात मेलं की परत पायथ्यापासून, आणि डोंगरही नवा. परवा पहिल्यांदाच शिखर दिसलं. मागून हिमवादळ येत होतं. नितीन पुढं होता, माझा हात सुटत होता.

मी ओरडलो, "नित्या, दोर टाक रे!"

"थांबलो तर दोघंही मरू," म्हणून तो निघाला.

नितीन स्पीकर लावून खेळत होता, त्यामुळे माझी हाक त्याच्या घरातही ऐकू गेली. तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये त्याच्या वडिलांचा, आप्पांचा आवाज आला. "आरं, त्याला सोडून कुठं चाललास? माघारी फीर!"

नितीन फिरला. हिमवादळात दोघंही गेलो.

तो वैतागला, "आप्पा, गेम होता तो!"

"गेम आसंल," आप्पा म्हणाले, "पन हाक तर तुझ्या दोस्ताची व्हती न्हवं?"