मंडळाचा स्टँड

घडीचा रॅक म्हटलं ना, की माझं डोकं आजही फिरतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या सुहासने मारुतीचं कॉमिक काढलं होतं. नोकरी सांभाळून वर्षभर चित्रं काढत बसला होता बिचारा. पार्ल्यात एका शाळेच्या हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन होतं. तिथे आम्हाला कोपरा मिळाला, टेबल नाही. रिक्षात घालून नेता येईल असा रॅक घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत शोधला, कुठेच मिळेना. शेवटी आमच्या गणपती मंडळाचा लोखंडी स्टँड उचलला, घासला, रंगवला. त्यावर कॉमिक्स काय दिसत होती यार!

तेवढ्यात नाडकर्णी काका आले. प्रदर्शन त्यांनीच भरवलेलं, आणि राहायला आमच्याच गल्लीत.

"अरे, हा मंडपाबाहेरचा चपलांचा स्टँड ना?"

"हो काका, पण धुतलाय, नवा रंग दिलाय," सुहास म्हणाला.

"लाज नाही वाटत? मारुतीराया चपलांच्या स्टँडवर? आधी उतरव!"

माणसं जमली. जो तो आम्हालाच झापायला लागला. सुहासने सगळी कॉमिक्स उतरवली आणि जमिनीवर पेपर पसरून त्यावर मांडली. काकांचं समाधान झालं.

"आता स्टँड आणलाच आहेस, तर दाराशी ठेव," ते म्हणाले. "आत सरस्वतीचा फोटो आहे, लोक चपला बाहेर काढतायत. नुसता ढीग झालाय."

दिवसभर लोक मारुतीला ओलांडून जात होते. आणि आमच्या रॅकवर, सगळ्यात वरच्या कप्प्यात, काकांच्या कोल्हापुरी चपला.