विमानवाल्या गावची सोयरीक

तुम्ही विचारता म्हणून सांगतो, मी घरजावई झालो तो एका विमानामुळे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रामाकोन्याजवळच्या एका गावात संत्र्याच्या बागेत लहानसं विमान पडलं. चालवणारा वाचला, पण गावाला सगळे विमानवालं गाव म्हणू लागले. आम्ही सौंसरहून तिथेच मुलगी पाहायला गेलो. शांताने पोहे आणून दिले आणि माझं मन तिथेच बसलं. बाबा मात्र पोहे खाता खाता आभाळाकडे पाहत होते.

“पोरगी चांगली हाय,” बाबा म्हणाले, “पण तुमच्या गावावर विमान पडते.”

शांताचे वडील म्हणाले, “एकदा पडून गेलं न भाऊ. आता आमच्यावर नाही पडत. आता दुसऱ्या गावाची पाळी.”

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सोयरीक मोडली असंच मला वाटलं.

“मंग असं करा,” बाबा शेवटी बोलले, “लग्न झाल्यावर पोरगा तुमच्याकडेच ठेवा. आमच्या गावाची पाळी यायचीच हाय.”

लग्न लागलं आणि वऱ्हाड मला तिथेच सोडून परत निघालं. बाबांना रडू आवरेना. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “रडू नका व्याहीबुवा. पोटच्या पोरीसारखं ठेवू त्याले.”